पेरिंजिया उल्व्ही
युरोपच्या अटलांटिक किनाऱ्यावर, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलात राहणारी इवलीशी समुद्री गोगलगाय. मृदुकाय संघाच्या उदरपाद वर्गातील हायड्रोबिइडी कुलात तिचा समावेश होतो. शंख फार तर 5 ते 6 मिमी. उंच, निमुळता, तपकिरी. वेढे साधारण सहा आणि त्यांच्या बाजू जवळजवळ सपाट. एवढ्या वर्णनावर ही गोगलगाय ओळखता येईल असे वाटते, पण येत नाही. तिच्या वर्गीकरणाचा दोन शतकांहून जास्त काळ चाललेला घोळ त्यातूनच झाला.

वेल्श निसर्गअभ्यासक टॉमस पेनंट यांनी 1777 मध्ये तिचे पहिले शास्त्रीय वर्णन केले आणि ‘टर्बो उल्व्ही’ असे नाव दिले. उल्व्हा म्हणजे किनाऱ्यावर वाढणारे पातळ पानांचे हिरवे शैवाल. ही गोगलगाय त्यावर चरताना सापडते, म्हणून उल्व्ही. त्या काळी टर्बो ही प्रजाती (जवळच्या जातींचा गट, genus) म्हणजे अडगळीची खोलीच होती, गोल तोंडाचा जो शंख हाती लागेल तो तिच्यात टाकला जाई. पुढे हीच गोगलगाय पालुडेस्ट्रिना या प्रजातीत गेली, नंतर हायड्रोबियात आली आणि विसाव्या शतकातील बहुतेक संशोधन ‘हायड्रोबिया उल्व्ही’ याच नावाने छापले गेले. पेरिंजिया ही प्रजाती पालादिल यांनी 1874 मध्येच मांडली होती. तिला सर्वमान्यता मिळायला शंभरावर वर्षे जावी लागली. जुने लेख शोधणाऱ्याने म्हणूनच दोन्ही नावे हाताशी ठेवावीत.

घोटाळ्याचे मूळ असे, की त्याच किनाऱ्यांवर हुबेहूब अशाच आणखी दोन गोगलगायी राहतात. एक माँटेग्यू यांनी 1803 मध्ये वर्णिलेली व्हेंट्रोसा. तिच्या शंखाचे वेढे जरा फुगीर असतात. दुसरी नेग्लेक्टा, जी 1963 पर्यंत कुणी वेगळी ओळखलीच नव्हती. नेग्लेक्टा या लॅटिन शब्दाचा अर्थही ‘दुर्लक्षित’ असाच आहे. हिचा शंख या दोघींच्या मधला. रिकामे शंख पुढ्यात ठेवले तर मुरलेला अभ्यासकही चुकतो. खात्री करायची तर प्राणी जिवंत हवा. बशीत समुद्राचे पाणी घेऊन त्यात गोगलगाय सोडायची, भिंग धरायचे आणि वाट पाहायची. शंखाच्या तोंडावरचे झाकण हळूच सरकते, आधी सोंडेसारखे थोबाड बाहेर येते, मग दोन बारीक शृंगिका (स्पर्शासाठीची शिंगे). उल्व्हीच्या शृंगिकेवर टोकाच्या थोडे अलीकडे काळा पट्टा दिसतो, टोक मात्र फिकटच. व्हेंट्रोसाला असा पट्टा नसतो. याउपर शंका राहिलीच तर नराचे शिश्न पाहतात. त्याचा आकार तिन्ही जातींत वेगवेगळा असतो.

शरीररचनेवर आधारलेल्या या भेदांना पुढे डीएनएच्या अभ्यासाने दुजोरा दिला. उल्व्ही, व्हेंट्रोसा आणि खरी हायड्रोबिया या तीन वेगळ्या प्रजाती ठरल्या. नेग्लेक्टा मात्र हायड्रोबियातच राहिली आणि भूमध्य समुद्राकडील हायड्रोबिया अक्यूटा या जातीची उपजाती मानली गेली. या अक्यूटाचे नाव ज्या मूळ नमुन्याशी बांधलेले होते त्यावरूनही वाद झाला, आणि 2003 मध्ये आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण आयोगाने आपल्या 2034 क्रमांकाच्या मतात नवा प्रमाण-नमुना ठरवून हायड्रोबिया हे नाव पक्के केले. याच निर्णयात पाण्यातील भुंग्यांच्या एका गटाचे नावही बदलावे लागले. हायड्रोबियसवरून पडलेले ते नाव आणि गोगलगायींचे कुलनाम एकाच धातूवरून आल्याने एकमेकांशी भिडत होते. भुंग्यांच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये दोन अक्षरे वाढवून तंटा मिटवला गेला. व्हेंट्रोसा आता एक्रोबिया या प्रजातीत गणली जाते.

हायड्रोबिया या नावाखाली एक परकी पाहुणीही बराच काळ खपून गेली. 1889 मध्ये टेम्स नदीच्या खाडीतील एका गोगलगायीला ‘हायड्रोबिया जेन्किन्साय’ असे नाव मिळाले. ती मुळात न्यूझीलंडमधून आलेली पोटामोपिर्गस अँटिपोडारम निघाली.

प्रसार : उत्तरेला नॉर्वेचा किनारा आणि श्वेत समुद्र, दक्षिणेला सेनेगल, अशी पेरिंजिया उल्व्हीची व्याप्ती आहे. ब्रिटिश बेटांच्या खाड्या आणि नेदरलँड्स-जर्मनी-डेन्मार्कला लागून असलेला वाडन समुद्र ही तिची भरभराटीची ठिकाणे. दर चौरस मीटरला दहा हजारांवर गोगलगायी तिथे सहज सापडतात. नुकतीच तळाला बसलेली पिल्ले धरली तर आकडा लाखावर जातो. बाल्टिक समुद्रात आत जावे तसे पाणी गोडे होत जाते आणि तिची जागा व्हेंट्रोसा घेते. अडलेले मचूळ पाणी, बंदिस्त डबकी व्हेंट्रोसाला मानवतात. उल्व्हीला भरती-ओहोटीचा खुला वावर लागतो.

या फरकाचे एक कारण अंड्यांत आहे. उल्व्हीची मादी अंड्यांची पुटके घालते, त्यांवर वाळूचे कण चिकटवते आणि पुष्कळदा ती शेजारणीच्याच शंखावर डकवते. चिखलात घट्ट असा दुसरा पृष्ठभाग मिळणार तरी कुठे? त्यातून पोहणारे डिंभ (अळीसारखी पिल्ले) निघतात आणि प्रवाहाबरोबर दूर जातात. व्हेंट्रोसाच्या पुटकात एकच अंडे असते आणि त्यातून थेट रांगणारे पिल्लू बाहेर येते, म्हणून तिच्या वसाहती विखुरलेल्या, एकमेकींपासून तुटलेल्या राहतात.

मोठी झालेली उल्व्हीही प्रवास करते. श्लेष्माचा तराफा करून ती पाण्याच्या पृष्ठभागाला उलटी लटकते आणि तरंगत जाते. ओहोटीला चरायचे, मग चिखलात शिरायचे आणि भरती आली की तरंगत वर सरकायचे, असे तिचे ठरीव चक्र 1962 मध्ये न्यूएल या संशोधकांनी मांडले होते. पुढच्या निरीक्षणांत तरंगणे इतके नेमाने होताना दिसले नाही. न्यूएल यांचेच 1965 चे काम जास्त टिकाऊ ठरले : ही गोगलगाय चिखलातील सेंद्रिय कणांवर जगते, पण तिला खरे पोषण मिळते ते त्या कणांवर वाढलेल्या सूक्ष्मजीवांतून. तिच्या विष्ठेच्या गोळ्यांवर पुन्हा जीवाणू वाढतात आणि तेच अन्न नव्याने खाण्याजोगे होते.

परिस्थितिविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत तिने जागा मिळवली ती डेन्मार्कमधील लिम फ्योर्ड या खाडीमुळे. फेब्रुवारी 1825 मध्ये वादळाने वाळूचा बांध फोडला, उत्तर समुद्राचे खारे पाणी आत घुसले आणि उल्व्ही-व्हेंट्रोसा यांचा तिथला सहवास त्यानंतरचाच. डॅनिश संशोधक टॉम फेन्शेल यांनी 1975 मध्ये दाखवले, की वेगवेगळ्या राहणाऱ्या या दोन गोगलगायी साधारण सारख्याच, 3 मिमीच्या आसपास असतात. एकत्र राहिल्या की उल्व्ही मोठी होते आणि व्हेंट्रोसा लहान. अन्नकणांच्या आकाराची वाटणी करून स्पर्धा टाळली जाते, दीडशे वर्षांत उत्क्रांतीने हे घडवले, असा त्याचा अर्थ लावला गेला. उदाहरण देखणे होते, म्हणूनच ते फार काळ तपासले गेले नसावे. इतर किनाऱ्यांवर हा नमुना सरसकट मिळाला नाही. वाढीचा वेग, वय, ठिकाण आणि परजीवी यांनीही शंखाची लांबी बदलते हे दिसल्यावर, स्पर्धेचा पुरावा म्हणून त्या मोजमापांचे वजन घटले.

परजीवींचा मुद्दा किरकोळ नव्हे. अनेक चपट्या पर्णकृमींचा ही गोगलगाय पहिला आश्रयदाता आहे, म्हणजे त्यांच्या जीवनचक्राचा पहिला टप्पा तिच्या शरीरात पार पडतो. कृमी तिची जननग्रंथी पोखरून तिला वांझ करतात. त्यांपैकी काही कृमी पुढे कोरोफियम या चिखलातील कवचधारी जीवात आणि शेवटी किनाऱ्यावरच्या पक्ष्यांत जातात. 1990 च्या वसंतात डॅनिश वाडन समुद्रात ऊब वाढताच कृमींचे डिंभ मोठ्या संख्येने बाहेर पडले, आणि उल्व्ही व कोरोफियम दोन्ही मोठ्या प्रमाणात मेले. एरवी तिचे भक्षक नेहमीचेच : नॉट आणि डनलिनसारखे किनारी पक्षी, फ्लाउंडर मासा आणि शेलडक हे चक्रवाकाच्या प्रजातीतील बदक. शेलडक ओल्या चिखलातून चोच डावी-उजवीकडे फिरवत चालते. ते गेल्यावर चिखलावर कोयत्याने कापल्यासारखे चंद्रकोरी ओरखडे उरतात.