64 कोडॉन, 20 अमिनो आम्ले: जनुकीय संकेताची पार्श्वभूमी

जून 2022 मध्ये हिंजवडीतल्या एका कंपनीच्या कोविड लशीला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. देशात तयार झालेली ती पहिली एमआरएनए लस, म्हणजे प्रथिन बनवण्याचा संदेश पेशीला देणाऱ्या आरएनए रेणूची लस. ती 2 ते 8 अंशांत टिकते, याचीच चर्चा जास्त झाली. पण अशा लशींतला आरएनए हवा तसा लिहिता येतो, तो जनुकीय संकेताच्या (आरएनएच्या अक्षरांवरून प्रथिन ठरवणाऱ्या नियमांच्या) ज्या गुणामुळे, त्याच गुणाने 1950च्या दशकात भल्याभल्यांना चकवले होते.

आरएनए ए, यू, जी, सी या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो, तर प्रथिन म्हणजे 20 प्रकारच्या अमिनो आम्लांची साखळी. चार अक्षरांतून 20 अमिनो आम्ले ठरायची, तर दोन-दोन अक्षरांच्या 16 जोड्या अपुऱ्या पडतात आणि तीन-तीनची त्रिके (म्हणजेच कोडॉन) होतात 64. मग उरलेल्या 44 त्रिकांचे काय?

1957 मध्ये केंब्रिजहून आलेले उत्तर आजही वाचताना थक्क करते. आरएनएच्या साखळीत विरामचिन्हे नसतात, मग वाचन नेमके कुठून सुरू करायचे? या मांडणीनुसार काही त्रिकांनाच अर्थ असतो आणि चुकीच्या जागेवरून वाचले तर काहीच अर्थ लागत नाही. एएए किंवा यूयूयू अशी चार त्रिके लगेच बाद, कारण ती लागोपाठ आली तर कुठूनही वाचली तरी सारखीच. राहिली 60. आता एयूजी दोनदा लिहा: एयूजीएयूजी. एक अक्षर सोडून वाचले तर यूजीए, दोन सोडून वाचले तर जीएयू. म्हणजे या तिघांपैकी एकालाच अर्थ देता येईल. 60 त्रिकांचे असे तिघा-तिघांचे 20 गट पडतात. उत्तर बरोबर 20!

पुराव्याचा पाया कच्चा आहे, हे मांडणाऱ्यांनी स्वतःच लिहून ठेवले होते. तरी त्या 20 च्या आकड्याने चांगल्या-चांगल्यांना भुरळ घातली.

1961 मध्ये अमेरिकेत बेथेस्डाच्या प्रयोगशाळेत दोघांनी जिवाणूंच्या पेशी फोडून त्यांच्या अर्कात नुसत्या यू अक्षरांचा आरएनए घातला. प्रत्येक वेळी 20 पैकी एकच अमिनो आम्ल किरणोत्सारी ठेवून ते प्रथिनाच्या साखळीत गुंफले जाते का ते तपासले. फिनाइलअॅलनिन गुंफले गेले. बाद ठरवलेले यूयूयू चक्क अर्थपूर्ण निघाले! संकेताच्या इतिहासात कागदावरच्या तर्काला फार जागा मिळते. माझ्या मते खरा मान परीक्षानळ्या हाताळणाऱ्यांचा आहे.

पुढे 1966 पर्यंत कोणत्या त्रिकाचा अर्थ काय, याचा तक्ता भरत गेला. त्यात पंजाबातल्या रायपूर गावी (आता पाकिस्तानात) जन्मलेल्या रसायनशास्त्रज्ञाचा वाटा मोठा. यू आणि सी आलटून पालटून जोडलेल्या त्यांच्या साखळीतून सेरीन आणि ल्यूसीनही आलटून पालटून येत. यूसीयू आणि सीयूसी या दोन त्रिकांचा अर्थ त्यातून बांधला गेला. 1968 चे नोबेल तिघांत विभागले गेले, त्यांपैकी ते एक.

तक्त्यात 61 कोडॉन अमिनो आम्लांचे आहेत, 3 थांबण्याचे. एकट्या ल्यूसीनला 6 कोडॉन आहेत. वरच्या गटातल्या तिघांनाही काम आहे: एयूजी मेथिओनिनचा आणि सुरुवातीचाही, जीएयू अॅस्पार्टिक आम्लाचा, यूजीए थांबण्याचा. तोही सगळीकडे नाही. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियात (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांत) यूजीए म्हणजे ट्रिप्टोफॅन, हे 1979 मध्ये कळले.

सुरुवातीला म्हटलेला गुण तो हाच: एका आम्लाला अनेक कोडॉन. ही निव्वळ उधळपट्टी, असे वाटणे साहजिक होते. पण प्रत्येक सजीवाचे काही कोडॉन नेहमीच्या वापरातले असतात, काही क्वचितचे, आणि प्रथिन किती बनते यावर त्याचा परिणाम होतो. 1977 मध्ये सोमॅटोस्टॅटिन हे मानवी संप्रेरक जिवाणूकडून बनवून घेताना त्याचे जनुक प्रयोगशाळेत जोडले होते, तेव्हाच शक्य तिथे जिवाणूच्या पसंतीचे कोडॉन निवडले गेले. एमआरएनए लशींतही विषाणूच्या स्पाइक प्रथिनाचे कोडॉन सहसा जसेच्या तसे उचलत नाहीत. त्याच अमिनो आम्लांसाठी मानवी पेशीला सोयीचे कोडॉन घालतात, म्हणजे तेच प्रथिन जास्त प्रमाणात तयार होते.