दुष्काळाची मापे आणि कृष्णा खोरे : एक पार्श्वभूमी

माण तालुक्यात वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आत-बाहेर पाऊस पडतो, तर त्याच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला तो पाच हजारांच्या पुढे जातो. दोन्हीकडचे पाणी शेवटी कृष्णेलाच मिळते. अशा खोऱ्याची सरासरी काढून दुष्काळ ठरवता येत नाही, आणि म्हणूनच इथल्या भविष्यातील दुष्काळाविषयीचा कोणताही अंदाज वाचताना त्यामागचे माप कोणते, हे आधी पाहावे लागते.

आपल्याकडचे जुने माप पिकाचे आहे. १८७६-७८च्या भीषण दुष्काळानंतर १८८०च्या आयोगाने दुष्काळ संहितांचा पाया घातला. जमीनमहसुलाची तहकुबी आणि सूट ठरवण्यासाठी आणेवारी वापरली गेली, तिचीच पुढे पैसेवारी झाली. निवडलेल्या शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, त्यातले पीक कापून मळायचे, वजन करायचे आणि ते वजन ठरलेल्या प्रमाणित उत्पादनाशी ताडून पाहायचे. पैसेवारी पन्नास पैशांच्या आत, म्हणजे पीक त्या उत्पादनाच्या निम्म्याहून कमी आले, की गाव टंचाईच्या यादीत येत असे. मात्र खरिपाची अंतिम पैसेवारी डिसेंबरात लागते, तोवर हंगाम हातचा गेलेला असतो. शिवाय हे माप महसुलासाठी घडले. नदीत किती पाणी आहे, हे त्याला विचारलेलेच नव्हते.

पावसाचे माप हवामानखात्याचे : सरासरीपेक्षा २५ टक्क्यांहून अधिक तूट म्हणजे दुष्काळ, ५० टक्क्यांहून अधिक म्हणजे तीव्र दुष्काळ. १९९३ मध्ये कोलोरॅडोतील मॅकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रमाणित पर्जन्य निर्देशांक मांडला; पाऊस नेहमीपेक्षा किती कमी-जास्त आहे, हे तो सांगतो. तो तीन महिन्यांचा काढला तर खरिपाबद्दल बोलतो, बारा महिन्यांचा काढला तर धरणांबद्दल. केंद्राच्या २०१६च्या दुष्काळ संहितेने पाऊस, उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती, जमिनीतील ओलावा आणि जलसाठे यांची सांगड घातली, आणि तिच्या आधारे ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्याने १५१ तालुके दुष्काळी जाहीर केले. ही मोठीच सुधारणा होती, परंतु घटक तालुकाच राहिला.

नदीचा हिशेब तालुक्याच्या शिवेवर थांबत नाही. सोलापुरात पाऊस नसतानाही पुण्याच्या घाटमाथ्यावरील पावसाने भीमेवरचे उजनी धरण भरू शकते आणि कालव्याखालचे शिवार तरून जाते. उलट घाटावर ओढ बसली की 'उजनी मायनसमध्ये गेली' असे सोलापूरकर म्हणतात, म्हणजे उपयुक्त साठा संपून पाणी मृतसाठ्यात उतरले. या प्रवाहाचे वाटप ज्या आकड्यांवर उभे आहे, ते सारे भूतकाळातले आहेत. राज्यांत कृष्णेचे पाणी वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने १८९४-९५ ते १९७१-७२ या ७८ वर्षांवरून ७५ टक्के विश्वासार्हतेचे, म्हणजे शंभरातल्या ७५ वर्षी तरी मिळेल असे, २०६० टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी धरले, तर दुसऱ्या लवादाने २०१० मध्ये अलीकडच्या ४७ वर्षांवरून ६५ टक्के विश्वासार्हतेचे २२९३ टीएमसी. वर्षे आणि विश्वासार्हता बदलली की खोऱ्यातले पाणीही कागदावर बदलते.

भविष्याचे अंदाज बांधताना जागतिक हवामानाच्या संगणकीय प्रतिमानांतला (मॉडेलांतला) पाऊस आणि तापमान स्थानिक नोंदींशी जुळवून जलशास्त्रीय प्रतिमानाला पुरवले जाते व त्यातून प्रवाह काढला जातो. आयआयटी दिल्लीतील संशोधकांनी २००६ मध्ये देशातील बारा खोऱ्यांसाठी असा अभ्यास प्रसिद्ध केला होता. यात माप निर्णायक ठरते. शतकाच्या उत्तरार्धात मान्सूनचा पाऊस वाढेल, असे बहुतेक प्रतिमाने सांगतात, त्यामुळे केवळ पावसाचा निर्देशांक घेतला तर दुष्काळ घटताना दिसू शकतो. २०१० मध्ये आलेला, बाष्पीभवनाची मागणी धरणारा निर्देशांक वाढत्या उष्णतेमुळे त्याच खोऱ्यात दुष्काळ वाढताना दाखवू शकतो. पण हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की वनस्पती पर्णरंध्रे आवळून पाणी राखतात, त्यामुळे हा दुसरा अंदाज फुगण्याची शक्यता असते. आयपीसीसी या हवामानबदलावरील आंतरसरकारी मंडळाच्या २०२१च्या अहवालाने पावसाचा, शेतीचा आणि प्रवाहाचा दुष्काळ वेगवेगळा मांडला तो योग्यच आहे.

कृष्णेच्या बाबतीत आणखी एक पेच उरतो. भीमेवरील मापन केंद्रांत नोंदला जाणारा प्रवाह धरणे, उपसा आणि उसाचे सिंचन यांतून उरलेला असतो. प्रतिमान त्याच्याशी जसेच्या तसे जुळवले, तर माणसाने घडवलेली टंचाईही हवामानाच्या खात्यावर जमा होते. म्हणून उपसा व साठे मिळवून नैसर्गिक प्रवाह आधी पुन्हा काढावा लागतो, आणि त्यासाठी धरणनिहाय विसर्गाच्या व उपशाच्या नोंदी संशोधकांना खुल्या मिळायला हव्यात.