टॉवरची मागणी 'गाव कव्हर्ड आहे' म्हणून परत येते, तेव्हा काय करायचे

गावात रेंज नाही म्हणून टॉवर मागणारे अर्ज वाचले, तर मजकूर जवळपास सारखाच असतो. मुलांचा अभ्यास, रात्री-अपरात्रीचे बाळंतपण, रेशन दुकानात न उमटणारा अंगठा आणि शेवटी 'तरी साहेबांनी सहानुभूतीपूर्वक विचार करावा ही विनंती'. यातले काहीही खोटे नसते. तरीही काही महिन्यांनी एका ओळीचे उत्तर येते: 'उपलब्ध माहितीनुसार सदर गाव कव्हर्ड आहे', म्हणजे तिथे मोबाईल सेवा आहे. आणि फाईल बंद. अर्जात अडचणी पानभर असतात, पण ही एक ओळ खोडून काढेल असा कागद एकही नसतो.

आधी यंत्रणा समजून घ्या, कारण बरेच अर्ज चुकीच्या दारात पडून राहतात. खासगी कंपनी धंदा बघून टॉवर उभारते. जिथे धंदा नाही तिथे केंद्र सरकार पैसे घालते. त्यासाठीचा निधी पूर्वी सार्वत्रिक सेवा दायित्व निधी या नावाने होता, आता तो डिजिटल भारत निधी झाला आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २७ जुलै २०२२ रोजी ४जी सॅच्युरेशन प्रकल्प, म्हणजे सेवा नसलेल्या गावांत ४जी पोचवण्याचा प्रकल्प, मंजूर केला. खर्च २६,३१६ कोटी रुपये, सेवा नसलेली गावे २४,६८०, काम बीएसएनएलकडे. म्हणजे गावे यादीतून निवडली जातात; तहसीलदारांकडे दिलेल्या निवेदनाने टॉवर येत नाही, फार तर ते निवेदन पुढे पाठवले जाते. मात्र याच मंजुरीत एक खिडकी ठेवलेली आहे: पुनर्वसित गावे, नव्या वसाहती आणि आधीच्या कंपनीने सेवा काढून घेतलेली गावे यांच्यासाठी २० टक्के वाढीव गावांची तरतूद. तुमचे गाव धरणात जाऊन दुसरीकडे वसले असेल, किंवा पूर्वी रेंज होती आणि कंपनीने गाशा गुंडाळला असेल, तर ते अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात आले पाहिजे. लोक ते चौथ्या पानावर लिहितात.

आता मूळ दुखणे. सरकारी नोंदीत 'गाव' म्हणजे महसुली गाव. देशभरात अशी ६,४४,१३१ गावे धरली जातात, आणि कुठे सेवा आहे याची माहिती प्रामुख्याने मोबाईल कंपन्यांकडूनच येते. गावठाणात रेंज असेल तर गाव कव्हर्ड. त्याच महसुली गावात मोडणारी, डोंगराच्या पलीकडची धनगरवाडी, ठाकरपाडा किंवा तांडा या हिशेबात दिसतच नाही. वाडीला स्वतःचा गावकोड नाही, आणि कोड नाही म्हणजे यादीत जागा नाही. म्हणून वाडीसाठी अर्ज करताना 'आमच्या गावात रेंज नाही' असे कधीही लिहू नका. तपासणीला आलेला माणूस ग्रामपंचायतीसमोर उभा राहतो, फोनवर चार काड्या बघतो आणि जातो. असे लिहा: 'मौजे अमुक, जनगणना २०११ गावकोड अमुक, या महसुली गावातील अमुक वाडी, गावठाणापासून अंतर इतके किलोमीटर, घरे इतकी, लोकसंख्या इतकी, गावठाणात सेवा आहे, वाडीत कोणत्याही कंपनीची सेवा नाही.' गावठाणात रेंज आहे हे कबूल केल्याने अर्ज कमकुवत होत नाही. उलट शेरा मारायला जागा उरत नाही.

हा सहा अंकी गावकोड बहुतेकांकडे नसतो. ग्रामसेवकांकडे, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे, पंचायतीचा एलजीडी (केंद्राच्या लोकल गव्हर्न्मेंट डिरेक्टरीतला) कोड असतो आणि तोच अर्जात उतरवला जातो. पंचायतीचा कोड वेगळा, महसुली गावाचा वेगळा. गट ग्रामपंचायत असेल तर हमखास घोळ होतो, कारण एका पंचायतीखाली तीन-चार महसुली गावे असतात. जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत किंवा एलजीडीच्या संकेतस्थळावर महसुली गाव शोधून कोड घ्या आणि तलाठ्याकडून गावाचे नाव ताडून पाहा.

अर्ज करण्याआधी आणखी एक काम करा, त्याला फक्त दहा रुपये लागतात. दूरसंचार विभागाकडे माहितीच्या अधिकारात विचारा की या गावकोडाची नोंद 'कव्हर्ड' आहे की 'अनकव्हर्ड', कोणत्या कंपनीच्या कोणत्या तंत्रज्ञानाच्या आधारे, आणि कोणत्या तारखेच्या माहितीवरून. केंद्राच्या ऑनलाईन पोर्टलवर अर्ज करता येतो, उत्तराची मुदत ३० दिवस. तुम्हाला नेमके काय खोडायचे आहे ते या कागदावरून कळते. कंपन्यांनी आपापल्या संकेतस्थळांवर कव्हरेजचे नकाशे टाकले आहेत. त्यात तुमची वाडी रंगवलेली दिसली तर त्या पानाची छापील प्रतही जोडा. नकाशात रंग आणि जागेवर शून्य, यापेक्षा बोलका पुरावा नाही.

पुराव्यात लोक फोनचा स्क्रीनशॉट लावतात: वर 'सेवा नाही', बाकी काही नाही. तो कुठे काढला हे कसे कळणार? अक्षांश-रेखांश छापणाऱ्या कॅमेरा अॅपने फोटो घ्या. जीपीएसला रेंज लागत नाही, त्यामुळे नकाशा उमटला नाही तरी आकडे येतात. एका फोटोत दुसऱ्या फोनचा पडदा दिसू द्या, मागे शाळा किंवा अंगणवाडीची पाटी. सगळ्या कंपन्यांची सिमे तपासा आणि शाळा, पाणवठा, शेवटचे घर अशा ठिकाणांचा तक्ता करा. ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, इंटरनेटचा वेग मोजणारे मायस्पीड अॅप इथे उपयोगाचे नाही; इंटरनेटच नसेल तर चाचणी कशी होणार? ते रेंज कमी आहे अशा ठिकाणचे हत्यार आहे.

ठराव ग्रामसभेचा हवा. मासिक सभेचा ठराव जोडून लोक निर्धास्त होतात, आणि जागेचा प्रश्न आला की तो कुचकामी ठरतो. साध्या ग्रामसभेला १५ टक्के मतदार किंवा १००, यातली कमी संख्या गणपूर्तीला पुरते. सभा तहकूब होऊन पुन्हा घेतली असेल तर इतिवृत्तात तसे नोंदवलेले असू द्या. नक्कल प्रतीवर ठराव क्रमांक, तारीख, सूचक, अनुमोदक आणि सही-शिक्का. हे सांगावे लागू नये, पण सूचकाचे नाव नसलेले ठराव अजून येतात.

आणि जागा. सरकारी प्रकल्पातल्या टॉवरला साधारण २०० चौरस मीटर, म्हणजे दोन गुंठ्यांच्या आसपास जागा धरतात. 'गायरान देऊ' असे ठरावात लिहून गाव मोकळे होते. गायरान ग्रामपंचायतीच्या मालकीचे नसते. ते सरकारचे, आणि त्याचा निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा. ठरावात फक्त 'गायरान गट क्रमांक अमुकमधील जागेस ग्रामसभेची हरकत नाही' एवढेच लिहा, सोबत चालू सातबारा आणि गटाचा नकाशा लावा, आणि जिल्हाधिकाऱ्यांना वेगळे पत्र द्या. जागा पंचायतीची असली तरी तीन वर्षांहून जास्त भाडेपट्ट्याला जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांची मंजुरी लागते.

जागा वनखात्याची असेल तर धीर धरा. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ३(२) मध्ये शाळा, अंगणवाडी, रस्ता अशा सुविधांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने वळवता येते. त्या यादीत 'विद्युत व दूरसंचार वाहिन्या' आहेत, 'टॉवर' हा शब्द नाही. एखादे साहेब हे कलम लावतात, दुसरे लावत नाहीत आणि वनसंवर्धन कायद्याचा लांबचा रस्ता दाखवतात. गावाने उगाच दोन वर्षे या शब्दावर वाद घालू नये. जवळ सरकारी किंवा पंचायतीची पर्यायी जागा असेल, थोडी खाली का असेना, तर तिचाही गट क्रमांक ठरावात द्या. वनजमिनीसाठीच्या ग्रामसभेची गणपूर्ती नेहमीच्या सभेपेक्षा बरीच मोठी असते, निम्म्या सदस्यांची. हेही आधीच विचारून घ्या.

अर्ज दूरसंचार विभागाच्या परवाना क्षेत्र कार्यालयाला द्या. महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक क्षेत्र आहे, मुंबई वेगळी. प्रती जिल्हाधिकारी, बीएसएनएलचे जिल्हा कार्यालय आणि खासदार यांना. प्रत्येक ठिकाणी आवक क्रमांकासह पोच घ्या. तोच मजकूर केंद्राच्या तक्रार निवारण पोर्टलवर दूरसंचार विभागाच्या नावे टाका.

मुदतीत लोक दोनदा फसतात. या पोर्टलवर तक्रार निकाली काढायला साधारण २१ दिवस धरलेले आहेत, पण 'निकाली' म्हणजे टॉवर मंजूर नव्हे. बहुधा तोच 'कव्हर्ड'चा शेरा असतो. तिथून ३० दिवसांत अपील करता येते. रेंज नसल्याने मेसेज पोचत नाही, आठवडी बाजारला गेल्यावर कळते, तोवर मुदत सरलेली असते. ज्या गावात रेंज नाही त्याच गावाला मोबाईलवर कळवायचे, हा शहाणपणा कोणाचा ते विचारू नका. तालुक्याला राहणाऱ्या कोणाचा तरी नंबर द्या.

दुसरा गोंधळ वेगळ्या जातीचा. रेंज आहे पण कॉल तुटतात, ही कंपनीविरुद्धची तक्रार झाली. ती आधी कंपनीच्या तक्रार केंद्रात, डॉकेट क्रमांक (तक्रारीचा नोंद क्रमांक) घेऊन. समाधान न झाल्यास ३० दिवसांत तिच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे, ज्याने ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही. दोन्ही गोष्टी एकाच अर्जात घातल्या की दोन्ही कार्यालये ते काम दुसऱ्याचे म्हणून हात झटकतात.

टॉवरची चर्चा सुरू झाली की 'तुमच्या शेतात टॉवर, महिना अमुक भाडे, आधी नोंदणीचे पैसे भरा' असे फोन येऊ लागतात. ट्रायच्या नावाचे ना हरकत पत्रही पाठवतात. टॉवरसाठी ट्राय असे पत्र देत नाही आणि जागामालकाकडून कोणी शुल्क घेत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवा. उलट टोकाला, काम सुरू झाल्यावर किरणांच्या भीतीने गावातलेच कोणी आडवे येते. त्याच्याशी भांडू नका. दूरसंचार विभागाच्या तरंग संचार पोर्टलवर ४,००० रुपये भरून कोणालाही टॉवरच्या किरणोत्सर्गाची मोजणी मागता येते.

टॉवर उभा राहिला की सगळ्यांनी सिम बदलायची धावपळ करू नये. जानेवारी २०२५ पासून या निधीतून उभारलेल्या टॉवरवर बीएसएनएल, एअरटेल आणि जिओ यांच्या ग्राहकांना एकमेकांचे ४जी वापरण्याची सोय सुरू झाली आहे. ती तुमच्या टॉवरवर चालू झाली का ते बीएसएनएलच्या कार्यालयात विचारा, आणि फोनमध्ये नेटवर्कची निवड ऑटोमॅटिकवर आहे ना ते पाहा. एकाच कंपनीचे नेटवर्क पक्के करून ठेवलेला फोन टॉवरखाली उभे राहूनही 'सेवा नाही' दाखवेल.