पार्श्वभूमी : मदरशातलं मूल शाळाबाह्य कसं ठरलं

४ जुलै २०१५, शनिवार. राज्यातली शाळाबाह्य मुलं एका दिवसात मोजायची असं ठरलं होतं. शिक्षक वस्त्यांवर, बसस्थानकांवर, वीटभट्ट्यांवर फिरले. मोजून झालेल्या मुलाच्या बोटाला मतदाराला लावतात तशी शाई लावत होते. या मोजणीच्या तोंडावरच अल्पसंख्याक विभागाची भूमिका बाहेर आली : ज्या मदरशांत इंग्रजी, गणित, विज्ञान आणि समाजशास्त्र हे चार विषय शिकवले जात नाहीत, त्या शाळा नव्हेत, आणि तिथली मुलं शाळाबाह्य. नाशिक जिल्ह्यात ही बातमी इतर जिल्ह्यांपेक्षा जास्त लागली, कारण मुस्लिमबहुल मालेगाव याच जिल्ह्यात आहे.

मुळात ‘शाळाबाह्य’ हा शब्द वेगळ्याच मुलांसाठी होता. वय ६ ते १४, शाळेच्या पटावर नाव नाही, किंवा नाव असूनही सलग महिनाभराहून जास्त गैरहजेरी, अशी त्याची सरकारी व्याख्या. तो ऐकला की हॉटेलात कपबशा विसळणारा पोरगा आठवतो, ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाची मुलगी आठवते. पहाटे फजरच्या नमाजाआधी उठून दिवसभर कुराण पाठ करणारा निवासी मदरशातला मुलगा या शब्दात कोंबला, तेव्हा शब्दाचा अर्थच ताणला गेला. हा मुलगा शिकतोय, फक्त सरकारनं ठरवलेले विषय शिकत नाही. ही दोन वाक्यं एकच आहेत की वेगळी, यावरच पुढचा सगळा वाद झाला.

गुंता कायद्यातच आहे. मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. तो लागू होताच धार्मिक शिक्षणसंस्थांना मान्यतेची धास्ती वाटू लागली, म्हणून २०१२ च्या दुरुस्तीनं कलम १ मध्ये पोटकलम ५ घातलं : मदरसे, वेदपाठशाळा आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्थांना हा कायदा लागू नाही. म्हणजे संस्थेला सूट मिळाली. पण राज्यघटनेच्या कलम २१-क नं हक्क दिलाय तो मुलाला. संस्था कायद्याबाहेर म्हणून ती कायद्याच्या व्याख्येतली शाळा नाही, ती शाळा नाही म्हणून तिथलं मूल शाळेत नाही, असा तो हिशेब. कागदावर तो चुकीचा म्हणता येत नाही. पण संरक्षण म्हणून दिलेली सूट तीन वर्षांत मुलाला गैरहजर ठरवायच्या कामी यावी, हे ती दुरुस्ती करणाऱ्यांच्या मनात असेल असं वाटत नाही.

शिवाय त्याच वाक्यात मदरशाला खेटून ‘वेदपाठशाळा’ आहे, हे चर्चेत फारसं येत नाही. नाशिककराला तरी ते विसरता येऊ नये. पंचवटीत आणि त्र्यंबकेश्वरला वेदपाठशाळा आहेत. मुंज झालेली मुलं तिथं राहून वर्षानुवर्षं संहिता मुखोद्गत करतात. हाफिज, म्हणजे सगळं कुराण तोंडपाठ असलेला, होऊ पाहणारा मुलगा आणि घनपाठापर्यंत, म्हणजे वेदपठणाच्या सर्वांत अवघड पद्धतीपर्यंत, जाऊ पाहणारा मुलगा यांचा दिवस बराचसा सारखाच जातो : गुरूसमोर बसणं, आवृत्ती, चुकलं की पुन्हा. कायद्यानं दोघांना एकाच मापानं मोजलं. २०१५ ची भूमिका मात्र मदरशांविषयी होती, आणि ‘मग पाठशाळांचं काय’ हा विरोधकांचा पहिला प्रश्न होता. पाठशाळेच्या नावातच शाळा आहे, हा तिचा थोडा फायदा असावा. खरं तर ‘मदरसा’ या अरबी शब्दाचाही अर्थ शिकण्याची जागा, एवढाच.

मदरसा आणि मकतब यांची सरमिसळ हा आणखी एक घोळ. जुन्या नाशकात किंवा वडाळ्यात मुलं सकाळी किंवा संध्याकाळी तासभर मशिदीत नाजरा, म्हणजे कुराण पाहून वाचायला, शिकायला जातात, ते मकतब. बाकीचा दिवस ती महापालिकेच्या किंवा खासगी शाळेतच असतात. मुस्लिम समाजाच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या उच्चस्तरीय समितीनं २००६ च्या अहवालात हा फरक स्पष्ट केला होता. शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी पूर्णवेळ मदरशात जाणारी मुलं तिच्या मते जेमतेम ३-४ टक्के. वाद मात्र सगळा समाज मदरशातच बसलाय अशा थाटात होतो.

मागचा इतिहास थोडक्यात. मुघलांच्या काळी नाशिकचं नाव गुलशनाबाद होतं. १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्यानं अनुदानाचं तत्त्व आणलं : खासगी संस्था धर्म काय शिकवते याकडे सरकारी तपासनीसानं पाहायचं नाही, लौकिक शिक्षण बरं असेल तर मदत द्यायची. नाशिकजवळ शरणपूरला ख्रिस्ती मिशनची वसाहत उभी राहिली ती याच सुमाराची. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथं बायबलबरोबर सुतारकाम आणि लोहारकामही शिकली. त्यातलीच काही पुढं आफ्रिकेचा शोध घेणाऱ्या लिव्हिंग्स्टनच्या मोहिमांत गेली, आणि त्याचं पार्थिव किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत नाशिकला शिकलेला एक जण होता. धर्मशिक्षण आणि हातातलं कौशल्य एकाच छपराखाली असण्यात त्या काळी कुणाला अडचण वाटली नाही.

मालेगावची गोष्ट वेगळी. १८५७ नंतर उत्तरेतून विणकर कुटुंबं आग्रा रोडनं खाली उतरली आणि मोसम नदीकाठी स्थिरावली. हातमागाचे यंत्रमाग झाले आणि वर्गणी आणि जकात या धार्मिक दानावर मदरसे उभे राहिले. त्यांत मुलींसाठीचा निवासी मदरसाही आहे, हे बाहेरच्यांना सहसा माहीत नसतं. तिथले जुने लोक ‘दीनी तालीम’ (धर्माचं शिक्षण) आणि ‘असरी तालीम’ (आधुनिक शिक्षण) असे दोन शब्द सहज वापरतात, आणि दोन्ही लागतात असं म्हणणारे मौलवी भेटतात. भांडण आहे ते असरी तालीम कोण शिकवणार आणि त्यासाठी आत कोण येणार, यावर.

घटनेनं उत्तर दिलंय, पण ते कप्प्यांत विभागून. कलम २८ प्रमाणे संपूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण नाही. अनुदानित किंवा मान्यताप्राप्त संस्थेत संमतीशिवाय कुणावर सक्ती नाही. कलम ३० प्रमाणे अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या संस्था काढून चालवण्याचा हक्क. मराठीत आणखी एक पंचाईत आहे. धर्म आचरायला शिकवणं आणि धर्मांविषयी माहिती देणं, दोन्हीला आपण ‘धार्मिक शिक्षण’च म्हणतो. सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये हा फरक केला, आपल्या भाषेत तो अजून रुळलेला नाही.

उत्तर प्रदेश किंवा बिहारसारखं मदरसा मंडळ महाराष्ट्रात नाही. इथला सरकारी संबंध आला तो ऑक्टोबर २०१३ च्या आधुनिकीकरण योजनेतून : मदरशानं अर्ज करायचा, आधुनिक विषयांच्या शिक्षकांचं मानधन आणि सुविधांसाठी पैसे सरकारनं द्यायचे. २०१५ मध्ये सरकारतर्फे सांगण्यात आलं की १,८९० नोंदणीकृत मदरशांपैकी ५५० हे चार विषय शिकवायला तयार आहेत. म्हणजे सुमारे तीस टक्के. हा आकडा नकार म्हणून वाचला गेला. पण ज्या मोजणीत नाव शाळाबाह्य पडणार, तिच्या आदल्या दिवसांत मिळालेली ती तयारी आहे. माझ्या मते ती कमी नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं याच शिक्षकांचं मानधन वाढवलं : डीएडधारकांना ६ हजारांवरून १६ हजार, बीएडधारकांना ८ हजारांवरून १८ हजार. पुढच्याच महिन्यात, ५ नोव्हेंबरला, सर्वोच्च न्यायालयानं उत्तर प्रदेशचा मदरसा कायदा वैध ठरवला, फक्त फाजिल आणि कामिल या उच्च शिक्षणाच्या पदव्यांपुरता रद्द केला. दर्जा राखण्यासाठी नियम करता येतात, पण धर्म शिकवला जातो एवढ्यानं कायदा घटनाबाह्य होत नाही, असं त्याचं सार. इथं मंडळच नसल्यानं महाराष्ट्राला तो निकाल थेट लागत नाही, तरी इथल्या भाषणांत तो दोन्ही बाजूंनी वापरला गेला.

या सगळ्याच्या मध्ये मनमाड आहे. ३० मे २०२३ ला दानापूर-पुणे एक्स्प्रेसमधून बिहारची ५९ मुलं उतरवून घेण्यात आली, काही भुसावळला, काही मनमाडला. ती सांगलीकडच्या मदरशांत निघाली होती. सोबतच्या माणसांकडची कागदपत्रं पुरेशी वाटली नाहीत म्हणून त्यांच्यावर मानवी तस्करीचा गुन्हा दाखल झाला, त्यांना अटक झाली, आणि मुलं १२ दिवस नाशिक आणि जळगाव जिल्ह्यांतल्या बालगृहांत राहिली. गावोगावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तोवर निकालही लागला होता. मार्च २०२४ मध्ये रेल्वे पोलिसांनी तस्करी नसल्याचं, गैरसमजातून गुन्हा नोंदल्याचं सांगत प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. अटकेची बातमी पहिल्या पानावर होती. अहवालाची मला आतल्या पानावर, दोन परिच्छेदांत सापडली.