वैद्यकीय गांजा : गंभीर आजारी रुग्णांचे कायदेशीर संरक्षण

कर्करोग, एड्स, अपस्मार, मल्टिपल स्क्लेरोसिस, काचबिंदू किंवा औषधांना दाद न देणाऱ्या वेदना यांवर उतारा म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने गांजा वापरणाऱ्या रुग्णाला अटक, खटला, बडतर्फी यांपासून वाचवणाऱ्या तरतुदी या विषयात येतात. या विषयाची बहुतेक जडणघडण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाली. तिथे राज्याचा कायदा रुग्णाला गांजा वापरू देतो आणि त्याच घरात, त्याच दिवशी केंद्राचा कायदा त्याला गुन्हेगार ठरवतो. ‘वैद्यकीय गांजा कायदेशीर झाला’ असे आपण सहज म्हणतो, पण कोणाच्या कायद्याने आणि कोणाच्या हातून सुटका मिळाली, हे विचारल्याशिवाय त्या वाक्याला फारसा अर्थ उरत नाही.

संरक्षणाच्याही पायऱ्या आहेत. अटकच होऊ नये ही सर्वांत वरची. ती नसेल तर खटला उभा राहण्याआधी तो रद्द करून घेण्याची सोय असते. तीही नसेल तर आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहून ‘हे औषध म्हणून घेत होतो’ एवढे सांगण्याची मुभा असते. धडधाकट माणसाला या पायऱ्यांतला फरक तांत्रिक वाटेल. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाला मात्र शेवटच्या पायरीवरचा विजयही परवडत नाही, कारण तोवर कोठडी, वकील आणि जप्त झालेले औषध हे सगळे सोसून झालेले असते.

अडचणीचे मूळ १९७०च्या नियंत्रित पदार्थ कायद्यात आहे. त्यात गांजा पहिल्या अनुसूचीत गेला. गैरवापराचा धोका मोठा, मान्यताप्राप्त वैद्यकीय उपयोग शून्य आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीही वापर असुरक्षित, अशा पदार्थांची ही यादी. हेरॉइनही तीतच आहे. पहिल्या अनुसूचीतले औषध डॉक्टर लिहून देऊ शकत नाही, म्हणून पुढचे सगळे राज्य कायदे प्रिस्क्रिप्शनऐवजी ‘शिफारस’ किंवा ‘प्रमाणपत्र’ असे शब्द वापरतात. १९८८ मध्ये अमली पदार्थविरोधी केंद्रीय यंत्रणेचे, म्हणजे डीईएचे प्रशासकीय न्यायाधीश फ्रान्सिस यंग यांनी गांजा दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कडक नियंत्रणाखाली पण डॉक्टर लिहून देऊ शकतात अशा औषधांच्या यादीत, हलवावा असे मत दिले होते. यंत्रणेच्या प्रमुखांनी पुढच्याच वर्षी ते फेटाळले.

पहिला रुग्ण सुटला तो मात्र याच्याही आधी. वॉशिंग्टनमध्ये राहणारे रॉबर्ट रँडल यांना काचबिंदू होता आणि दृष्टी झपाट्याने जात होती. गांजा ओढल्यावर डोळ्यातला दाब उतरतो हे त्यांच्या लक्षात आले आणि त्यांनी घरीच काही रोपे लावली. पोलिसांनी पकडल्यावर त्यांनी गुन्हा नाकारला नाही. आंधळे होणे टाळण्यासाठी दुसरा मार्ग नव्हता, असे त्यांचे म्हणणे होते. १९७६ मध्ये न्यायालयाने हा अपरिहार्यतेचा बचाव मान्य केला. पुढे केंद्र सरकारच त्यांना गांजा पुरवू लागले. १९७८ मध्ये यातूनच एक अनुकंपा योजना उभी राहिली. मिसिसिपी विद्यापीठाच्या सरकारी शेतात पिकलेल्या गांजाच्या सिगारेटी वळून, डब्यात भरून रुग्णांपर्यंत पोचवल्या जात. एका डब्यात सुमारे ३०० सिगारेटी असत. एड्सच्या साथीत अर्जांचा लोंढा आला तेव्हा, १९९२ मध्ये सरकारने नव्या रुग्णांसाठी ही योजना बंद केली, पण आधीच्या मूठभर रुग्णांचा पुरवठा चालू ठेवला. म्हणजे ज्या पदार्थाला वैद्यकीय उपयोगच नाही असे सरकार न्यायालयांत सांगत राहिले, तोच पदार्थ त्याच सरकारच्या खर्चाने काही रुग्णांच्या घरी जात राहिला. या विसंगतीचा समाधानकारक खुलासा कुठल्याही प्रशासनाने केलेला नाही.

राज्यांच्या पातळीवरची सुरुवात कॅलिफोर्नियातून झाली आणि तिच्यामागे सॅन फ्रान्सिस्कोतील एड्सचे वॉर्ड होते. तिथे मेरी रॅथबन ही वयस्क स्वयंसेविका गांजा घातलेल्या ब्राउनी रुग्णांना वाटत असे. ‘ब्राउनी मेरी’ याच नावाने ती ओळखली जाई. डेनिस पेरॉन यांनी रुग्णांना गांजा मिळावा म्हणून क्लब काढला होता. या मंडळींच्या पुढाकाराने आलेला प्रस्ताव २१५ मतदारांनी ५ नोव्हेंबर १९९६ रोजी सुमारे ५५.६ टक्के मतांनी मंजूर केला. गंभीर आजारी नागरिकांना औषध म्हणून गांजा मिळवण्याचा आणि वापरण्याचा ‘हक्क’ आहे, असे त्यात लिहिले आहे. आजारांची यादी देऊन शेवटी ‘ज्यात गांजाने आराम पडतो असा अन्य कोणताही आजार’ अशी पुस्तीही जोडली होती. डॉक्टरची तोंडी शिफारससुद्धा पुरेशी होती. रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यालाही संरक्षण होते.

वॉशिंग्टनहून उत्तर आले ते डॉक्टरांच्या दिशेने. गांजाची शिफारस करणाऱ्या डॉक्टरांचा नियंत्रित औषधे लिहून देण्याचा परवाना काढून घेऊ, असा इशारा १९९६च्या अखेरीस देण्यात आला. याविरुद्ध एड्सवर उपचार करणारे डॉ. मार्कस कोनंट आणि इतर न्यायालयात गेले. २००२ मध्ये नवव्या परिमंडळाच्या (कॅलिफोर्निया ज्यात येते त्या) केंद्रीय अपील न्यायालयाने निकाल दिला की रुग्णाला प्रामाणिक वैद्यकीय मत सांगणे हे अभिव्यक्तिस्वातंत्र्यात मोडते. गांजा मिळवून देणे गुन्हा असेल, पण ‘तुम्हाला याचा उपयोग होईल’ असे म्हणणे गुन्हा नाही. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. अनेक राज्यांतील योजना आज उभ्या आहेत त्या या बारीक भेदावर.

त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयासमोर मधुमेहाने दृष्टी गेलेल्या एका रुग्णाचा खटला आला. त्याच्या घरच्या ३१ रोपांपैकी ३ ठेवून बाकीची पोलिसांनी उपटून नेली होती, कारण त्या काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, हिशेबात रुग्णाला तीनच रोपे चालत. ‘पीपल विरुद्ध मोवर’ या निकालात न्यायालयाने ठरवले की असा रुग्ण खटला सुरू होण्यापूर्वीच आरोप रद्द करण्याची मागणी करू शकतो आणि खटला चाललाच तर त्याने बचावाबाबत केवळ वाजवी शंका निर्माण केली तरी पुरे. अटकेपासून सरसकट मुक्ती मात्र या कायद्यातून निघत नाही, असेही त्याच निकालात आहे. ‘हक्क’ या शब्दाची किंमत इथे पहिल्यांदा ठरली. पुढे राज्याने ऐच्छिक ओळखपत्राची पद्धत आणली, ती पोलिसाला दारातच कागद दाखवता यावा म्हणून. ॲरिझोनाने २०१० मध्ये ५०.१ टक्के अशा निसटत्या बहुमताने केलेला कायदा याहून पुढे जातो. कार्डधारकाकडे १४ दिवसांसाठी ठरवून दिलेल्या अडीच औंसांपेक्षा जास्त माल नसेल, तर तो औषधासाठीच आहे असे गृहीत धरले जाते.

केंद्रीय न्यायालयात मात्र आजाराचा उल्लेखही करता येत नव्हता. लेखक पीटर मॅकविल्यम्स यांना एड्स आणि कर्करोग दोन्ही होते. औषधांनी होणारी मळमळ गांजाने थांबते, असे ते सांगत. १९९८ मध्ये त्यांच्यावर केंद्रीय खटला झाला. गांजा घ्यायचा नाही आणि तपासण्या द्यायच्या, या अटींवर जामीन मिळाला. ज्युरीसमोर आपला आजार किंवा राज्याचा कायदा यांबद्दल बोलायला न्यायाधीशांनी मनाई केल्यावर त्यांनी गुन्हा कबूल केला. शिक्षा सुनावली जाण्याआधीच, जून २००० मध्ये त्यांचा मृत्यू झाला. पुढच्या वर्षी ओकलंडमधील एका सहकारी संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की गांजा बनवणे किंवा वाटणे याला वैद्यकीय अपरिहार्यतेचा बचाव केंद्रीय कायद्यात नाही. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, गांजा पहिल्या अनुसूचीत टाकला, तेव्हाच तो प्रश्न मिटला, असा तर्क होता. रँडल यांना तारणारी वाट केंद्रीय न्यायालयांत जवळजवळ बुजली.

‘गोन्झालेस विरुद्ध राइच’ हा २००५चा निकाल या सगळ्याचा कणा आहे. ऑगस्ट २००२ मध्ये कॅलिफोर्नियातील डायान मॉन्सन यांच्या घरी काउंटीचे पोलीस आणि डीईएचे अधिकारी एकत्र आले. पाठदुखीसाठी लावलेली सहा रोपे पाहून काउंटीच्या पोलिसांनी सांगितले की हे राज्याच्या कायद्यात बसते. केंद्राच्या अधिकाऱ्यांना ते पटले नाही. तीन तास हुज्जत चालली आणि शेवटी सहाही रोपे जप्त करून नष्ट केली गेली. मेंदूत गाठ असलेल्या एंजल राइच यांच्यासह मॉन्सन न्यायालयात गेल्या. केंद्राचा अधिकार आंतरराज्य व्यापारावर आहे, मग घरच्या घरी, विक्रीविना, राज्याबाहेर न जाणारा गांजा त्यात कसा मोडतो, हा त्यांचा सवाल होता. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी केंद्राची बाजू घेतली. आधार होता १९४२च्या एका निकालाचा. स्वतःच्या वापरासाठी गहू पिकवणाऱ्या शेतकऱ्यालाही तेव्हा केंद्रीय मर्यादा लागू ठरली होती, कारण असे अनेक शेतकरी मिळून बाजारावर परिणाम करतात. न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी बहुमताच्या निकालात रुग्णांबद्दल सहानुभूती दाखवली आणि काँग्रेसकडे बोट दाखवले.

काँग्रेसने दार उघडले ते नऊ वर्षांनी, तेही मागच्या बाजूने. गुन्ह्याची व्याख्या न बदलता तिने पैसा अडवला. राज्यांच्या वैद्यकीय गांजा कायद्यांच्या अंमलबजावणीत आडकाठी आणण्यासाठी न्याय खात्याने निधी वापरू नये, अशी रोहराबाकर-फार दुरुस्ती डिसेंबर २०१४ मध्ये खर्चाच्या विधेयकातून कायद्यात आली. ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध मॅकिंटॉश’ (२०१६) या निकालात नवव्या परिमंडळाच्या न्यायालयाने तिचा अर्थ लावला. राज्याचा कायदा काटेकोर पाळणाऱ्यावर खटला चालवायला सरकारला पैसे खर्चता येणार नाहीत. जो एखाद्या अटीत चुकला, त्याला हे कवच नाही. शिवाय ही तरतूद खर्चाच्या विधेयकाबरोबर पुन्हापुन्हा नूतनीकरण करावी लागते. काँग्रेसने उद्या निधी मोकळा केला तर पाच वर्षांच्या मुदतीत जुन्या कृत्यांवरही खटला भरता येईल, याची आठवण न्यायालयाने त्याच निकालात करून दिली. त्याआधी न्याय खात्याच्या २००९ आणि २०१३ मधील परिपत्रकांनी सौम्य धोरण सांगितले होते. जानेवारी २०१८ मध्ये महान्यायवादी जेफ सेशन्स यांनी ते मागे घेतले. परिपत्रकावर विसंबून रोप लावणाऱ्याची जमीन किती भुसभुशीत असते, हे तेव्हा दिसले.

तुरुंग टळला तरी रोजचे आयुष्य उरतेच. बरेच खटले नोकरीचे आहेत. गांजाचे अंश लघवीत अनेक दिवस, नियमित वापर असेल तर काही आठवडेही राहतात. त्यामुळे तपासणीतून माणूस कामावर नशेत होता की नाही हे कळतच नाही. तरी २००८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने पाठदुखीने त्रस्त अशा एका माजी सैनिकाची बडतर्फी कायम ठेवली. प्रस्ताव २१५ फौजदारी शिक्षेतून सूट देतो, मालकावर काही बंधन घालत नाही, असे कारण होते. कोलोरॅडोत चारही अवयव लुळे झालेल्या एका कर्मचाऱ्याने कामाच्या वेळेबाहेर, घरी गांजा घेतला होता. फावल्या वेळेतल्या ‘कायदेशीर’ वर्तनाला संरक्षण देणारा कायदा त्या राज्यात आहे. परंतु कायदेशीर म्हणजे केंद्राच्याही दृष्टीने कायदेशीर, असा अर्थ लावून न्यायालयाने २०१५ मध्ये त्याला नकार दिला. वारे फिरले ते मॅसॅच्युसेट्समध्ये. क्रोन्स रोग (आतड्यांचा दीर्घकालीन दाह) असलेल्या, वैद्यकीय गांजा घेणाऱ्या स्त्रीला पहिल्याच दिवसानंतर कामावरून काढले गेले होते. अपंगत्वामुळे होणाऱ्या भेदभावाचा दावा ती चालवू शकते, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले. गंभीर आजारी माणसाला कामावर टिकवणे हाही संरक्षणाचाच भाग आहे, हे इथे पहिल्यांदा नीट उमटले.

घराचे आणखी कठीण. केंद्राच्या मदतीवर चालणाऱ्या घरकुलांत अवैध अमली पदार्थ वापरणाऱ्याला प्रवेश देऊ नये, असा १९९८चा कायदा आहे. त्याला राज्याचे कार्ड दिसत नाही, आणि अशा घरकुलांवर अवलंबून असणाऱ्यांत अपंग व वृद्ध बरेच असतात. अवयव प्रत्यारोपणाच्या यादीतून केवळ वैद्यकीय गांजामुळे नाव काढण्यास कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये कायद्याने मनाई केली. २०२१च्या ‘रायन्स लॉ’ने मरणासन्न रुग्णांना रुग्णालयात गांजा वापरू देणे बंधनकारक केले, मात्र ओढून नव्हे. माजी सैनिकांच्या केंद्रीय रुग्णालयांतले डॉक्टर शिफारस करू शकत नाहीत, पण राज्याच्या योजनेत असल्यामुळे माजी सैनिकाचे लाभ थांबवले जात नाहीत. गांजा वापरणाऱ्या रुग्णाला बंदूक बाळगणे केंद्रीय कायद्याने निषिद्ध ठरते. नागरिकत्वासाठी अर्ज केलेल्या परदेशी रुग्णाला तर राज्याने दिलेले कार्डच अडचणीत आणू शकते, असे २०१९चे केंद्रीय मार्गदर्शन सांगते.

इतर देशांनी वेगळ्या वाटा धरल्या. कॅनडात अपस्माराच्या एका रुग्णाच्या खटल्यात ओंटारिओच्या अपील न्यायालयाने २००० मध्ये सांगितले की आरोग्य किंवा तुरुंग यांतून निवड करायला लावणारी बंदी घटनाबाह्य आहे. पुढच्या वर्षी तिथे नियमावली आली. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २००५ मध्ये अपरिहार्यतेचा बचाव नाकारला. तिथे सुटका प्रिस्क्रिप्शनच्या मार्गाने झाली. १ नोव्हेंबर २०१८ पासून तज्ज्ञ डॉक्टर असे औषध लिहून देऊ शकतात. जर्मनीत मार्च २०१७च्या कायद्याने गंभीर आजारी रुग्णांचा खर्च सक्तीच्या आरोग्य विम्यावर टाकला. मला हे सर्वांत भक्कम संरक्षण वाटते, कारण विमा ज्याचे पैसे देतो त्या औषधासाठी रुग्णाला पोलिसासमोर वेगळे स्पष्टीकरण द्यावे लागत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगानेही डिसेंबर २०२० मध्ये २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला अमली पदार्थांवरील १९६१च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या सर्वांत कडक अनुसूचीतून वगळले.

अमेरिकेत मे २०२४ मध्ये न्याय खात्याने गांजा तिसऱ्या अनुसूचीत हलवण्याचा प्रस्ताव मांडला. अशा बदलाचा पहिला फायदा दुकानदारांच्या करआकारणीला होतो. औषध प्रशासनाची मंजुरी नसलेले रोप किंवा फूल त्यामुळे प्रिस्क्रिप्शनवर मिळू लागत नाही. गांजापासून बनवलेले एपिडायोलेक्स हे अपस्मारावरील औषध २०१८ मध्ये मंजूर झाले, ते पूर्ण चाचण्यांतून गेल्यामुळे. बाकीच्यांचे ओळखपत्र राज्याचेच राहते. काही राज्ये परक्या राज्याचे कार्ड मानतात, काही मानत नाहीत. दोन शेजारी राज्यांनी एकमेकांची कार्डे मानली तरी मधली सीमा औषधासह ओलांडणे केंद्रीय गुन्हाच असतो, म्हणून तिथून जाणारा रुग्ण आपला डबा घरी ठेवून निघतो.