पीच-चेरीची झाडं मशीनसाठी कशी वळवली गेली

द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी जवळ आली की नाशिकच्या दिंडोरी-निफाडकडे पहिला प्रश्न एकच, मजुरांची टोळी मिळाली का? पेठ-सुरगाण्याची माणसं एकरी रेट ठरवून काम घेतात, आणि चार दिवस उशीर झाला तरी पुढचं सगळं गणित हलतं. मग कोणीतरी म्हणतंच की बाहेर मशीनने फळं काढतात, आपल्याकडे का नाही. याचं उत्तर मला पीच, चेरी, जर्दाळू, प्लम या कोयीच्या फळांच्या इतिहासात सापडलं.

कॅलिफोर्नियात १९४२ पासून ब्रासेरो नावाच्या करारावर मेक्सिकोतून मजूर यायचे, तो करार १९६४ मधे संपला. डेव्हिसच्या युनिव्हर्सिटीत खोड हलवून फळ पाडायचे प्रयोग त्याआधीच चालू होते, पण आता त्यांची खरी गरज पडली. मशीनचा चिमटा खोड धरतो, काही सेकंद जोरात हलवतो, फळं खाली पसरलेल्या झोळीत पडतात. बदाम तर जमिनीवर पडला तरी चालतो, मिशिगनची आंबट चेरी प्रोसेसिंगला जाते, त्यामुळे या दोघांचं जमलं. पीचचं अवघड, पिकलेला पीच पडताना मधल्या फांदीवर आपटला की तिथे डाग आलाच.

म्हणजे झाडाचाच आकार बदलायला हवा होता, कारण ते झाड शिडी लावून तोडणाऱ्या माणसाच्या हिशोबाने वाढवलेलं होतं. लांब लोंबती फांदी धक्का टोकापर्यंत पोचवत नाही, नुसती डुलते आणि फळ तिथेच राहतं. म्हणून चिमटा बसेल एवढं खोड खालून मोकळं ठेवायचं, मुख्य फांद्या मोजक्या, जाड आणि उभ्या ठेवायच्या, लोंबणाऱ्या काढून टाकायच्या. सालीचंही जपावं लागतं, झाडात रस चढलेला असताना ती सुटी असते आणि चिमटा घसरला की खोडाला कायमची जखम, म्हणून काढणीआधी पाणी कमी करतात.

द्राक्षात हेच काम न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हाच्या शेती संशोधन केंद्रात नेल्सन शॉलिस यांनी १९६० च्या दशकात केलं, एका वेलीच्या फुटव्यांचे शेजारी-शेजारी लोंबणारे दोन पडदे केले, उजेडही मिळाला आणि मशीनलाही फळ सापडलं. पुढच्या दशकात ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरियातल्या टाटुराच्या संशोधन केंद्रात चाल्मर्स आणि व्हॅन डेन एंडे यांनी पीच तारांवर दोन बाजूंना तिरका बांधला, इंग्रजी व्ही सारखा. आपल्याकडे द्राक्षवेली वाय आकाराच्या आधारावर चढवतात, ती बाग पाहिलेल्याला तो फोटो अजिबात परका वाटणार नाही. ही पद्धत मशीन डोळ्यासमोर ठेवून निघाली होती पण जगभर पसरली ती लवकर आणि भरपूर माल येतो म्हणून, तोडणी बहुतेक ठिकाणी हातानेच राहिली.

मला सगळ्यात भारी वाटतो तो इस्राएलमधला अॅम्नॉन एरेझ यांचा प्रयोग, तोही १९७० च्या दशकातलाच. पीच एकदम दाट लावायचा, फळ काढलं की अख्खं झाड बुडख्यापर्यंत कापायचं, मग जे फुटवे येतील त्यांच्यावर पुढच्या वर्षीचं फळ. हे शक्य होतं कारण पीचला फळ आदल्या वर्षीच्या काडीवरच लागतं. ही तर आपली एप्रिलची खरड छाटणीच झाली की! आपणही माल निघाल्यावर काड्या डोळ्यापर्यंत कापतो आणि नव्या काडीवर ऑक्टोबरनंतर घड घेतो.

गोड चेरीसाठी अलीकडे वॉशिंग्टन राज्यात प्रॉसर इथे मॅथ्यू व्हायटिंग यांच्या टीमने ओलांड्यावरून, म्हणजे आडव्या वळवलेल्या खोडावरून, सरळ उभे फुटवे काढले, झाडाची जणू सपाट भिंतच, मशीन लावा नाहीतर माणूस, फळ समोर दिसतं.

फेब्रुवारीत आमच्याकडे तोडणीला आलेली बाई घडाला बोट न लावता देठ धरून कात्री मारते, कारण मण्यांवरची पांढरी पावडर पुसली की एक्स्पोर्टचा माल लोकलला जातो. तिकडेही ताजा खायचा पीच अजून बहुतेक हातानेच तोडतात.