अध्यक्ष बोलकीच हवी?

बचत गट काढताना सर्रास म्हटलं जातं, 'जी चारचौघांत खणखणीत बोलते, तिलाच अध्यक्ष करा.' हा गैरसमज आहे. 10 ते 20 बायकांचा गट मोडतो तो बहुधा हिशेबावरून, भाषणावरून नव्हे. बोलकी अध्यक्ष कर्ज कुणाला द्यायचं ते आधीच सांगून मोकळी होते. मग कोपऱ्यातली बाई 'माझे दोन हप्ते थकलेत' हे बोलतच नाही. चांगली अध्यक्ष गप्प बसणारीला आधी विचारते, स्वतःचं मत शेवटी देते. बचत, परतफेड, शिल्लक हे सगळं बैठकीतच मोठ्याने वाचायला लावते आणि रोकड सगळ्यांसमोर मोजून मगच सह्या घेते. कोऱ्या चेकवर सही? सख्ख्या जावेने मागितली तरी नाही. (इथे भिडस्तपणा नडतो, तो बोलक्या बायकांतही असतो.) स्वतःचा हप्ता मात्र सगळ्यांच्या आधी भरते.